डावा गाल

अल्दायात आम्ही अकरा जणी होतो एका लांब मेजाला.
लेओकादिया घड्या घालायची,
मी काड्यांना सरस लावायचे,
आणि ओब्दुलिया, जिला ऐकू येत नसे,
खिळा ठोकून पंखा एकदा उघडायची, एकदा मिटायची,
बोटांत आलेल्या थरथरीवरून ठरवायची:
हा चालेल. हा नाही.

मुकादम सांगे, घडीचा पंखा पहिल्यांदा जपानात झाला,
दिव्यापाशी पडलेल्या वटवाघळाचा पंख बघून.
मग मिरीच्या पोत्यांशेजारी झोपून
पोर्तुगीज जहाजांतून इकडे आला,
राण्यांच्या मुठीत शिरला.
असेल.
आम्हाला ठाऊक ते एवढंच,
की नासपतीच्या लाकडाची कूस बोटात गेली
तर सुईने काढायची, हूं की चूं न करता,
आणि रेशमावर रक्त सांडू द्यायचं नाही.
रेशमाचे पैसे मजुरीतून जातात.

त्या उन्हाळ्यात विक्री बसली.
मालकाचा भाचा बाउतिस्ता वालेन्सियाहून आला,
कडक कॉलर, मानेवर घामोळं.
म्हणाला, प्रत्येक पंख्यासोबत एक कागद छापू:
पंख्याची गुप्त भाषा.
बायका असं करतात तेव्हा असं म्हणायचं असतं,
तसं करतात तेव्हा तसं.
आम्ही विचारलं, कुठल्या बायका?
तो म्हणाला, तुम्हीही बायकाच ना?

लेओकादियाची दाढ त्या दिवशी ठणकत होती.
शिंपल्याच्या काड्यांचा एक गार पंखा
तिने मिटून डाव्या गालाशी धरला होता.
हे काय? बाउतिस्ताने विचारलं.
काही नाही, ती म्हणाली,
पण सुजल्या तोंडातून बाहेर पडलं फक्त "नाही".
त्याने लिहून घेतलं:
डाव्या गालाला पंखा, म्हणजे नकार.

ओब्दुलिया एकेका काडीवरून बोट फिरवत होती,
पाचवी तडकलीय का बघत.
त्याने लिहिलं: पाच वाजता भेट.
आम्ही इतक्या हसलो की सरस थिजला
आणि पुन्हा तापवावा लागला.

माझ्यापाशी आला तेव्हा मी हसत नव्हते.
दारातून गाढवगाडीचा आवाज आला होता,
टपालाची असेल म्हणून मी मान वळवलेली,
हातातला पंखा अर्धा उघडा
मांडीवर तसाच राहून गेलेला.
गास्पारला क्युबाला नेऊन दोन वर्षं झाली होती,
चिठ्ठीत नाव निघालं म्हणून,
आणि सुटायला पैसे नव्हते म्हणून.
गाडी टरबुजांची होती.
बाउतिस्ता थोडा थांबला.
त्याने लिहिलं, काय ते मला दाखवलं नाही.

हिवाळ्यात शहरातल्या थिएटरात
आम्ही दोघी पंख्यांची पेटी पोचवायला गेलो,
आणि दारवानाला दोन संत्री देऊन
वरच्या गॅलरीत, खांबाआड उभ्या राहिलो.
खाली सगळे पंख आमचे.
मला माझा सरस ओळखू येत होता,
लेओकादियाला तिची घडी.
एका बाईने, मोत्यांत बुडालेल्या,
समोरच्या मिशाळ अधिकाऱ्याकडे बघत
पंखा हळूच डाव्या गालाला लावला.
तो पार उतरला बिचारा.
माझी दाढ! लेओकादिया कुजबुजली,
आणि उपटलेल्या जागी जीभ घालून
शाल तोंडात कोंबून हसत राहिली.

मीही हसले असते.
पण कडेच्या खुर्चीत काळ्या कपड्यांतली एक बाई होती,
रंगमंचाकडे न बघणारी.
मांडीवर पंखा. अर्धा उघडा.
तिने तो कागद वाचला होता
की तिच्याही दारावरून टरबुजांची गाडी गेली होती,
कोण सांगणार.

मी वरून, अंधारातून,
माझा हात तसाच मांडीवर ठेवला.
हात रिकामा होता.
आमच्यापैकी कुणाकडेच पंखा नव्हता.